सल्ला हवा: बेसबॉल खेळणारी जुळी मुलं, एक पिचर (चेंडू फेकणारा) एक कॅचर (बॅटरमागे बसून झेलणारा). फेब्रुवारीच्या इनडोअर शोकेसला (कॉलेज कोचना खेळ दाखवायची चाचणी) पाठवावं का? (बजेट १५०० डॉलर, दोघांचं मिळून)

एडिसनकर
नमस्कार मंडळी. दोन्ही मुलं सोफोमोर (दहावी), हायस्कूल संपणार २०२८ ला, म्हणून २०२८ ची बॅच.

थोरला (सात मिनिटांनी) पिचर. उजवा हात, ५ फूट ११ इंच, १६५ पौंड. फास्टबॉल ताशी ७८ ते ८० मैल, एकदा ८१ दिसला. चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला) बरा आहे. कर्व्हबॉल (वळणारा) दहातले चार स्ट्राइक, म्हणजे बरोबर जागी. ऑक्टोबरअखेरपर्यंत फॉल बॉल (शरद ऋतूतले सामने) चालू आहे.
धाकटा कॅचर. ५ फूट ९, पॉप टाइम (चेंडू झेलून सेकंड बेसला पोचवायचा वेळ) २.१५ ते २.२ सेकंद. फॉलमध्ये शाळेकडून सॉकर खेळतो, त्यामुळे ऑगस्टअखेरीनंतर बेसबॉलला हात लावलेला नाही.
दोघांचा जीपीए (शाळेतले गुण, ४ पैकी) ३.८ च्या वर.

प्रश्न:
१. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घरापासून तासाभरावर इनडोअर शोकेस आहे, माणशी २९५ डॉलर. पाठवावं का?
२. रडार गन (चेंडूचा वेग मोजायचं यंत्र) घ्यावी का? कुठली?
३. कॅचरला नवा मिट (झेलायचा जाड हातमोजा) हवाय. सध्याचा ३२ इंची, लहानपणचा.

आतापासून पुढच्या ऑगस्टपर्यंत सगळं मिळून १५००. कृपया बजेट वाचून लिहा.

डावखुरा_डॅलस
१५०० मध्ये काही होत नाही, आधीच सांगतो. आमच्या गॅरेजमध्ये रॅप्सोडो (चेंडूची फिरकी मोजणारं यंत्र) आहे, शिवाय स्टॉकरची गन. नुसता वेग बघून आजकाल कोणी विचारत नाही. चेंडू मिनिटाला किती फिरतो, त्या फिरकीतली किती खरंच उपयोगी पडते, चेंडू सरळ रेषेपेक्षा किती इंच वर टिकतो, हे सगळं कोच विचारतात. ८० मैलांचा चेंडू जर १९००-२००० ने फिरत असेल आणि अगदी सरळ येत असेल, तर तो बॅटिंग प्रॅक्टिसचा चेंडू झाला.
वजनी (नेहमीपेक्षा जड-हलक्या) चेंडूंचा संच घ्या आणि आजपासून सुरू करा.

बाकावरचा_बाप
शोकेस म्हणजे पैसे उकळायचा धंदा. एका मोठ्या आयोजकाने "कॉलेज कोच येणार" म्हणून फी घेतली. आलेले दोघे, तेही जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे, आणि अर्धा वेळ फोनवर. पाठवू नका.

फ्रीमॉन्टची_ताई
एडिसनकर, गन आणि मिट नंतर बघू. आधी कॅलेंडर बघा.

डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची श्रेणी, खाली टू आणि थ्री) बेसबॉल कोचना साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत 'क्वाएट पीरियड' असतो. या काळात ते आपल्या कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडू बघू शकत नाहीत. म्हणजे तुमच्या फेब्रुवारीच्या शोकेसला डिव्हिजन वनचा एकही कोच खुर्चीत बसलेला नसेल. आयोजकाचं पत्रक काहीही म्हणो. तिथून मिळणार ते आकडे आणि एक व्हिडिओ.

दुसरं म्हणजे, २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनचे कोच ज्युनिअर वर्षाच्या (अकरावीच्या) आधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगचं (संघात घेण्याचं) बोलू शकत नाहीत. तुमच्या मुलांसाठी ती तारीख १ ऑगस्ट २०२६. डिव्हिजन टूला सोफोमोर वर्ष संपल्यावरचा १५ जून. डिव्हिजन थ्रीचे कोच कधीही फोन करू शकतात. तेव्हा मुलाने ईमेल पाठवली आणि उत्तर आलं नाही, तर लगेच उदास होऊ नका. नियमाने उत्तर देताच येत नसेल.

माझा सल्ला: फेब्रुवारी सोडा. जून-जुलैच्या एकाच चांगल्या शोकेसला जा.

शिवाजीपार्कचा_स्पिनर
बेसबॉल काही कळत नाही, पण हात तो हातच. पोरांना दोन महिने क्रिकेटची बोलिंग करायला लावा, खांदा आपोआप तयार होतो. त्या 'मिलियन डॉलर आर्म' सिनेमावाल्या दोन मुलांना आठवा, भारतातून थेट अमेरिकेत बेसबॉलला.

खांदा_पक्का
स्पिनरसाहेब, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल क्रिकेटर नव्हते, भालाफेकपटू होते. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना घेतलं ते भाल्याच्या हातामुळेच. क्रिकेटच्या बोलिंगमध्ये कोपर १५ अंशांच्या वर सरळ झालं तर नियमात बसत नाही. पिचरचं कोपर काटकोनाच्या आसपास वाकतं आणि मग झटक्यात सुटतं. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर ताण येतो. टॉमी जॉनची शस्त्रक्रिया होते ती त्याच लिगामेंटची. बोलिंगने तो भाग तयार होत नाही.

आता एडिसनकरांचा मुद्दा. मी फिजिओ आहे, तारखा मांडून दाखवतो.

एमएलबी (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट' शिफारशींप्रमाणे या वयात वर्षातून किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद, आणि त्यातले सलग दोन ते तीन महिने डोक्यावरून फेकणंच बंद. थोरल्याचा फॉल बॉल ३१ ऑक्टोबरला संपतो. कमीत कमी आठ आठवडे विश्रांती धरली तरी २६ डिसेंबर उजाडतो. पुढे हात बांधायला आठ आठवडे:

पहिला-दुसरा आठवडा: ४५ ते ६० फूट, आठवड्यातून तीन दिवस, २५-३० थ्रो.
तिसरा-चौथा: ९० ते १२० फूट, दिवसाआड, ४०-५० थ्रो.
पाचवा: सपाट जमिनीवरून कॅचरला, ६० टक्के जोर.
सहावा: माउंडवर (पिचरचा उंचवटा), फक्त फास्टबॉल, १५-२० चेंडू, ७० टक्के.
सातवा: दोन बुलपेन (माउंडवरून कॅचरला फेकायची सत्रं), प्रत्येकी २५ चेंडू, चेंजअप आणायचा.
आठवा: ३०-३५, कर्व्हबॉलसह, ९० टक्के.

हे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपतं. तुमचं शोकेस दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे पोरगा सातव्या आठवड्यात, ७५-८० टक्क्यांवर. तिथे गन लागली की एकही मुलगा ७५ टक्के फेकत नाही, शंभर फेकतो. कोपर दुखायला सुरुवात होते ती इथेच. शोकेस गाठायचं तर विश्रांती तरी कापा नाहीतर बांधणी तरी कापा. मला दोन्ही मान्य नाही.

नवा_आयडी_२०२७
वाचनखूण साठवली. खांदा_पक्का यांचे विशेष आभार.

डावखुरा_डॅलस
इतकं घाबरून कोणी ९० मैल टाकलेले नाहीत. वजनी चेंडूंनी वेग वाढतो हे सिद्ध झालंय.

खांदा_पक्का
वाढतो, कोण नाही म्हणतंय? २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात १३ ते १८ वयाच्या ३८ पिचरांवर सहा आठवड्यांचा प्रयोग होता. वजनी चेंडूंच्या गटाचा वेग सरासरी ३.३ टक्के वाढला. ८० वर तो अडीच मैलांच्या आसपास होतो. त्याच गटातल्या २४ टक्के मुलांना इजा झाली, हेही त्याच अभ्यासात आहे. चारातला एक.

डावखुरा_डॅलस
त्यात ३२ औंसापर्यंतचे चेंडू होते, हेही सांगा की. ४, ५ आणि ६ औंसावर थांबलं आणि कोणी समोर उभं असलं तर तेवढा धोका नाही.

खांदा_पक्का
सोळा वर्षांच्या मुलाला, उन्हाळ्यात, कोच समोर असताना, ४ ते ६ औंस: ठीक. "संच घ्या आणि आजपासून सुरू करा" हे ठीक नाही. आज त्याचा हात फॉल सीझनच्या शेवटाला आलाय, थकलेला आहे.

शिवाजीपार्कचा_स्पिनर
म्हणजे क्रिकेटचा चेंडू म्हणजे वजनी चेंडूच झाला की! बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम, आपला १५६ ते १६३. फुकटात काम. 😀

मिटवाला
कॅचरबद्दल कोणीच बोलत नाही, नेहमीप्रमाणे. सगळा पैसा पिचरवर आणि मिट लहानपणचा.

पॉप टाइम. कॅचरच्या मिटमध्ये चेंडू लागल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पडेपर्यंतचा वेळ. होम (कॅचर बसतो ती जागा) ते सेकंड १२७ फूट आणि साडेतीन इंचांना किंचित कमी. २.१५ हा एकच आकडा धरून बसू नका, त्याचे दोन तुकडे करा: मिट ते हातातून सुटणं, आणि सुटल्यापासून पोचणं. पहिला भाग चांगल्या मुलांचा ०.७ ते ०.७५ असतो, हायस्कूलच्या बहुतेकांचा ०.८ किंवा वर. दुसरा भाग सरळ हिशेबाचा आहे. ७२ मैल म्हणजे सेकंदाला १०५ फूट, १२७ फुटांना १.२ सेकंद, हवेचा अडथळा धरून १.३ च्या जवळ. ८० मैल म्हणजे सेकंदाला ११७ फूट, तो १.२ च्या आत येतो. म्हणजे तुमच्या मुलाचा पहिला भाग ०.८५ असेल, तर थ्रो एक मैलही न वाढवता २.०५ येऊ शकतो. हात बळकट व्हायला वर्ष लागतं, चेंडू मिटमधून हातात घ्यायची सवय आठ आठवड्यांत बदलते.

मोजायचं कसं. स्टॉपवॉचने नको, अंगठ्याची चूक ०.१ पर्यंत जाते. फोन कॅचरच्या मागे जाळीवर उंच बांधा, कॅचर आणि सेकंड दोन्ही चौकटीत आले पाहिजेत. २४० फ्रेमवर चित्रण करा आणि फ्रेम मोजा. ४९२ फ्रेम म्हणजे २.०५. आवाजावर अजिबात मोजू नका. सेकंडवरच्या ग्लोव्हचा फटका १२७ फुटांवरून तुमच्या फोनपर्यंत यायला ०.११ सेकंद लागतात, उगाच पोराला २.१५ चा २.२६ दिसतो. (हे जालावर शेकडो व्हिडिओंत चुकलेलं दिसतं.)

चुका कुठे होतात. नव्वद टक्के पोरं मिट पुढे नेऊन चेंडूवर झडप घालतात आणि मग हात लांब करून परत आणतात. चेंडूला आत येऊ द्यायचं, अगदी छातीपर्यंत. फेकणारा हात छातीपाशी अंगठा आत घेऊन थांबलेला असतो, चेंडू मिटमध्ये शिरतानाच मिट उजव्या कानाकडे वळायला लागतो. उजवा पाऊल हनुवटीच्या खाली पडला पाहिजे, पुढे नाही, बाजूला नाही. पाऊल पुढे पडला की वजन आधीच निघून जातं आणि नुसत्या हाताने थ्रो होतो. चेंडू सेकंडच्या उजवीकडे पळत असेल, तर आधी पकड बघा. शिवणीला आडवी चार-सीम पकड घाईत मिळत नाही आणि चेंडू दोन-सीमने निघतो आणि वळतो.

रोजचं काम. टेनिस बॉल, भिंत, गुडघ्यावर बसून उघड्या हाताने ५० वेळा घेणं-काढणं. चेंडूशिवाय नुसती पावलं २५. गुडघ्यावरून ६० फुटांवर १५ थ्रो. सेकंडला पूर्ण जोराचे थ्रो आठवड्यात दोनच दिवस, दिवसाला १०-१२ च्या वर नाही. कॅचर पिचरला परत फेकतो तेही थ्रोच आहेत, ते कोणी मोजत नाही. सामना संपेपर्यंत शंभराच्या वर जातात.

मिट. ३३.५ किंवा ३४ इंच. रॉलिंग्जचा हार्ट ऑफ द हाइड किंवा विल्सनचा ए२०००, नवा तीनशेच्या आसपास. तुमच्या बजेटात वापरलेला बघा. अर्धा मोडलेला मिट बऱ्याचदा नव्यापेक्षा बरा. नवा घेतलात तर शोकेसच्या सहा आठवडे आधी घ्या. तेल अगदी थोडं, वर्षातून एकदोनदा. ओव्हन, गरम पाणी, गाडीखाली ठेवणं हे उद्योग करू नका. चामड्यातली चरबी सुकते आणि दुसऱ्या सीझनला बोटांपाशी फाटतो. लाकडी हातोड्याने खिसा ठोका, चेंडू टाकून बांधून ठेवा, आणि मुख्य म्हणजे बुलपेनमध्ये चेंडू झेला.

छातीचं पॅड जुनं असेल तर त्यावर नॉक्सीचा (NOCSAE, सुरक्षा-मानक) शिक्का आहे का पाहा. २०२० पासून हायस्कूलला सक्तीचा आहे, अंपायर बाहेर काढतो.

बाकावरचा_बाप
रोज ५० टेनिस बॉल! पोरं अभ्यास कधी करणार?

मिटवाला
दहा मिनिटं लागतात.

वरणभात_डायरीज
५ फूट ११ आणि १६५ पौंड? तिथेच वेग अडकलाय. वजनी चेंडू, गन, रॅप्सोडो सगळं बाजूला ठेवा आणि पोराला खाऊ घाला. ऑगस्टपर्यंत १२-१५ पौंड, पायांचा व्यायाम, डेडलिफ्ट, स्प्लिट स्क्वॉट.

शरीराच्या पौंडामागे पाऊण ग्रॅम प्रोटीन धरलं तर १२५ ग्रॅमच्या आसपास लागतं. आपल्याकडे "पोटभर जेवला" म्हणजे दोन पोळ्या, भात, वरण, भाजी: त्यात २० ग्रॅम झाले तरी खूप. १०० ग्रॅम पनीर म्हणजे १८, अंडं ६, ग्रीक योगर्टचा डबा १५-१७. शाळेतून आल्यावर जी भूक लागते तिला चिवडा देऊ नका. तिथे चार अंडी किंवा पनीरची पोळी.

नवा_आयडी_२०२७
शाकाहारी आहोत, अंडंही नाही. काय करावं?

वरणभात_डायरीज
पनीर, योगर्ट, सोया चंक्स (कोरडे ५० ग्रॅम म्हणजे २५ च्या आसपास), दुधातला व्हे. वरण असू द्या, पण वरणावर भरवसा ठेवू नका.

शिवाजीपार्कचा_स्पिनर
वरणभातावर वाढलेले कसोटी खेळून आलेत.

वरणभात_डायरीज
फलंदाज होते हो ते.

डावखुरा_डॅलस
😂 गनचं कोणी सांगितलंच नाही. पॉकेट रडार घ्या, बॉल कोच मॉडेल तीनशेच्या आसपास. गन कॅचरच्या मागे, चेंडूच्या रेषेतच धरायची. बाजूला १० अंश सरकलात तर ८० चे ७९ दिसतात, २० अंशांवर थेट ७५. बरेच बाप बाजूच्या बाकावरून मोजतात आणि पोराला ओरडतात.
उजव्या हाताला डिव्हिजन वन हवं तर साधारण ८७ ते ९० च्या वर लागतं. डिव्हिजन टू ८४-८८, डिव्हिजन थ्री ८० च्या पुढे. डावखुऱ्याला दोन-तीन मैल माफ. (म्हणून आयडी.)

फ्रीमॉन्टची_ताई
हे आकडे ढोबळ आहेत, त्यावर कोणी रडू नये. शिवाय २०२५-२६ पासून, ज्या कॉलेजांनी नवी समझोता-पद्धत (खेळाडूंना थेट पैसे देण्याबाबतच्या खटल्यातली) मान्य केली त्यांच्या बेसबॉल संघात ३४ च खेळाडू. आधी ४० पर्यंत चालत. वर ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) २१-२२ वर्षांची तयार मुलं मिळतात. कोच हायस्कूलचा ८३ मैलवाला घेऊन दोन वर्षं वाट बघत नाही.

म्हणून ३.८ जीपीएवाल्यांनी डिव्हिजन थ्री आणि आयव्ही (हार्वर्ड, येल वगैरे) नीट समजून घ्या. डिव्हिजन थ्री आणि आयव्हीत खेळाची स्कॉलरशिप नसते, पण प्रवेशात कोचच्या शब्दाला वजन असतं. अनेक डिव्हिजन थ्री कोच ज्युनिअर वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) मागतात आणि प्रवेश कार्यालयाकडून आधीच अंदाज घेतात, त्याला 'प्री-रीड' म्हणतात. एमआयटीसारख्या ठिकाणी मात्र कोच शब्द टाकू शकतो, जागा राखून ठेवू शकत नाही.

एनसीएए (कॉलेज खेळांची नियामक संस्था) एलिजिबिलिटी सेंटरला नोंदणी करून ठेवा. डिव्हिजन वन-टूसाठी १६ कोअर विषय लागतात. डिव्हिजन वनला त्यातले १० सीनिअर वर्ष (बारावी) सुरू व्हायच्या आत. हायस्कूलचा काउन्सेलर स्वतःहून सांगेलच असं नाही.

बाकावरचा_बाप
म्हणजे शेवटी स्कॉलरशिप नाहीच. मग ही यातायात कशाला?

फ्रीमॉन्टची_ताई
अहो, मुलांना खेळायचंय म्हणून.

मिटवाला
अवांतर चालूच आहे, तर व्हिडिओचंही सांगून टाकतो, कारण शोकेसपेक्षा तो स्वस्त पडतो. दोन ते तीन मिनिटं, गाणं नको, स्लो मोशनची नक्षी नको. सुरुवातीला नाव, बॅच, उंची, वजन, जीपीए. पिचरचे दोन कोन पुरतात: तिसऱ्या बेसच्या बाजूने संपूर्ण शरीर दिसेल असा, आणि माउंडमागून चेंडूची वाट दिसेल असा. प्रत्येक प्रकारचे ४-५ चेंडू, दोन-चार स्ट्रेचमधून (बेसवर धावपटू असतानाचा आखूड पवित्रा). कॅचरचं रिसीव्हिंग (झेलणं) पिचरच्या मागून, थ्रो दोन कोनांतून, त्यातला एक बाजूने, म्हणजे चेंडू हातात येताना दिसतो. ब्लॉकिंगचे (टप्पा पडलेला चेंडू अंगाने अडवणं) चार-पाच. ब्लॉक करताना चेंडू पकडायला गेला की कोच तिथेच बंद करतो: मिट पायांमध्ये, हनुवटी छातीला, खांदे पुढे गोल, चेंडू पुढ्यात पडला पाहिजे.

ईमेलच्या विषयातच सगळं: २०२८ कॅचर, उजवा, ५-९, पॉप २.०५, जीपीए ३.८. "प्रिय कोच" म्हणून चाळीस जणांना एकच पत्र पाठवलं की कचऱ्यात. आणि पत्र मुलाने लिहायचं, बापाने नाही. कोचना वाचताच कळतं.

खांदा_पक्का
अनुमोदन. थोरल्यासाठी जून-जुलैच्या शोकेसचंही लिहून ठेवतो. बुलपेन १५-२० चेंडूंचं असतं: ८-१० फास्टबॉल दोन्ही कडांना, ३-४ चेंजअप, ३-४ कर्व्ह, शेवटचे दोन स्ट्रेचमधून. गडबड होते ती वेळेची. वेळापत्रक हमखास तासभर मागे पडतं, पोरगा आधीच तापून बसतो, थंड होतो, पुन्हा तापतो, ४० चेंडू वाया. आपल्या आधीचे दोन पिचर माउंडवर गेले की मगच थ्रो सुरू करायचे, तोवर रबरी बँडचा व्यायाम आणि पळणं. पहिले दोन चेंडू गनकडे बघून मारले की उंच आणि उजवीकडे जातात.
त्या दिवशीचे चेंडूही मोजा. १५-१६ वयाला ३१ ते ४५ चेंडू झाले तर एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, ७६ च्या वर चार. तापताना फेकलेले यात धरत नाहीत, पण हात धरतो.

एडिसनकर
सर्वांचे आभार. बजेट एका व्यक्तीने वाचलं, त्यांचे जास्त आभार.

थोरल्याचं खांदा_पक्का म्हणतात तसं, फेब्रुवारी रद्द. ३१ ऑक्टोबरनंतर चेंडू कपाटात, पनीर आणि डेडलिफ्ट. जुलैमध्ये एक शोकेस.

धाकटा मात्र जाणार.

फ्रीमॉन्टची_ताई
अहो, पण तिथे डिव्हिजन वनचे कोच नसणार हे आत्ताच बोललो ना आपण?

एडिसनकर
हो ताई. त्याला कोच नकोतच, आकडा हवाय. खांदा_पक्का यांच्याच तारखा त्याला लावल्या: ऑगस्टअखेरपासून हात बंद, नोव्हेंबर संपेपर्यंत तीन महिने विश्रांती होते. १ डिसेंबरपासून धरले तर शोकेसपर्यंत दहा आठवडे मिळतात. मिटवाल्यांची दहा मिनिटं रोज तिथपासून. इनडोअर असल्याने वारा नाही, चिखल नाही. २.०५ च्या आत आला तर तो आकडा घेऊन मार्चमध्ये ईमेल लिहायला लागेल, डिव्हिजन थ्रीवाल्यांना उत्तर देता येतं.

खांदा_पक्का
तारखा बरोबर आहेत. तरी मी पाठवला नसता. पहिले चार आठवडे सेकंडला थ्रो नाही, एवढं तरी पाळा.

डावखुरा_डॅलस
२.१५ आला तर तोच आकडा प्रोफाइलवर जालावर राहतो, दोन वर्षं. विचार करा.

एडिसनकर
केलाय. जानेवारीअखेर घरी २४० फ्रेमवर मोजणार. दहा थ्रोंची सरासरी २.१ च्या वर असेल तर नाव नोंदवणार नाही. नोंदणी ५ फेब्रुवारीपर्यंत उघडी आहे, विचारून घेतलं.

मिटवाला
हे चांगलं केलंत. दोन गोष्टी: इनडोअरला लोखंडी स्पाइक चालत नाहीत, टर्फ शूज हवेत, आणि त्याच बुटांत सराव करायचा, कारण उजवा पाऊल टर्फवर वेगळा अडकतो. दुसरं, सेकंडवर कोण उभा राहणार ते विचारा. चेंडू ग्लोव्हमध्ये नीट न घेणारा स्वयंसेवक असला की घड्याळ उशिरा थांबतं. आणि चेंडू येण्याआधीच उठून पुढे पाऊल टाकायची शोकेसवाली चलाखी शिकवू नका. आकडा चांगला येतो आणि पहिल्याच सामन्यात उघडा पडतो.

बाकावरचा_बाप
सगळ्यांनी नको म्हटलं आणि हे पाठवणारच. मग विचारलं कशाला?

नवा_आयडी_२०२७
धागा छान झालाय. आउटफिल्डरसाठी वेगळा काढू का? ६० यार्ड पळण्याबद्दल विचारायचंय.

डावखुरा_डॅलस
एडिसनकर, गन घेणार असाल तर माझी जुनी पॉकेट रडार पडून आहे. १५० ला देतो.

एडिसनकर
शिपिंग धरून का?